नागपुरातील चोवीस लाख : एका पगार-तुलना अहवालाचा वर्षभराच्या वहीशी ताळा

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, पुण्याची नोकरी सोडून नागपूरला परतावे की नाही या विचारात असताना, मी १,४९९ रुपये भरून एका ऑनलाइन सेवेकडून माझ्यापुरता तयार केलेला अहवाल घेतला. आपले पद, अनुभव, आताचे शहर आणि जायचे शहर एवढे कळवले की ही सेवा त्या पदाचा तिथला पगार, घरखर्चाचा अंदाज आणि दोन शहरांची तुलना असा बावीस पानांचा अहवाल पाठवते आणि त्यानंतर सल्लागाराशी अर्धा तास फोनवर बोलण्याची सोय करून देते. सेवेचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण माझ्या तक्रारी मी त्यांना लेखी कळवल्या आहेत आणि तो पत्रव्यवहार अजून पूर्ण झालेला नाही. शिवाय या प्रकारच्या आणखी दोन सेवांचे मोफत नमुने मी पाहिले. मांडणी वेगळी असली तरी हिशेबाची पद्धत तीच होती, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते असा अहवाल विकत घेऊ पाहणाऱ्या कोणालाही उपयोगी पडावे.

मी नेटवर्क आर्किटेक्ट आहे. तेरा वर्षांपैकी सुरुवातीची सहा वर्षे राउटर, स्विच आणि फायरवॉल ही नेटवर्कची यंत्रे प्रत्यक्ष हाताळण्यात गेली. त्यानंतर कोणत्या शाखेला कोणती लाइन द्यायची, एक रस्ता तुटला तर माहिती दुसऱ्या कोणत्या रस्त्याने जाईल, पाच वर्षांनी जोडणी किती वाढेल याचा आराखडा करण्याचे काम माझ्याकडे आले. पुण्यात माझे सीटीसी, म्हणजे कंपनी माझ्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, २९ लाख होते. नागपूरच्या विमानतळालगतच्या मिहान या उद्योगक्षेत्रातील एका कंपनीने २४ लाखांचा प्रस्ताव दिला. आई-वडील त्रिमूर्तीनगरात एकटे राहतात, वडिलांच्या दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया तेव्हा ठरायच्या होत्या, मुलगी चौथीत जाणार होती. पाच लाख सोडायचे की नाही हा प्रश्न आमच्या घरात महिनाभर रोज रात्री जेवणानंतर निघत असे आणि त्याचे उत्तर कोणीतरी आकड्यांत मांडून द्यावे असे मला मनापासून वाटत होते.

आम्ही एप्रिल २०२५ मध्ये नागपूरला आलो. त्या महिन्यापासून मार्च २०२६ पर्यंतचा प्रत्येक खर्च मी वहीत लिहिला. आज अहवाल आणि वही शेजारी ठेवून हे परीक्षण लिहीत आहे.

प्रथम अहवालातील चांगला भाग सांगते, कारण तो खरोखर चांगला आहे. सीटीसीपासून हातात येणाऱ्या पगारापर्यंतचा प्रवास दाखवणारी चार पाने इतकी स्वच्छ आहेत की ती मी माझ्या हाताखालच्या तीन मुलांना वाचायला दिली. २४ लाखांना बाराने भागले की दोन लाख येतात आणि बहुतेक जण मनात तोच आकडा धरून घरभाडे ठरवतात. माझ्या प्रस्तावात मूळ वेतन चाळीस टक्के, म्हणजे ९,६०,००० होते. त्यावर कंपनीचा बारा टक्के पीएफ १,१५,२०० आणि ग्रॅच्युइटीची ४.८१ टक्के तरतूद सुमारे ४६,००० या दोन्ही रकमा सीटीसीतच धरलेल्या होत्या. दहा टक्के, म्हणजे २,४०,०००, कामगिरीवर अवलंबून होते. हे सर्व वजा जाता वर्षाचा निश्चित पगार वीस लाखांच्या जरासा आत आला. त्यातून २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीप्रमाणे, ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरून, उपकरासह सुमारे १,९२,००० रुपये आयकर, माझ्या वाट्याचा पीएफ आणि २,५०० रुपये व्यवसाय कर गेला की महिन्याला हातात साधारण १,४०,७०० रुपये उरतात. पहिल्या महिन्याचे पगारपत्रक माझ्या हातात आले तेव्हा अहवालाचा हा आकडा शंभर-दीडशे रुपयांच्या फरकाने बरोबर निघाला.

याच पद्धतीने पुण्याचे २९ लाख सोडवले तर हातात १,६४,७०० येतात. म्हणजे सीटीसीतील पाच लाखांचा फरक, जो महिन्याला ४१,६६७ वाटतो, तो प्रत्यक्ष हातात २४,००० चाच असतो. कारण वरच्या रकमेवर वीस आणि पंचवीस टक्क्यांचे टप्पे लागतात, आणि त्यातला काही भाग पीएफ, ग्रॅच्युइटी व कामगिरीच्या रकमेत अडकलेला असतो. शहर बदलताना पगार कमी होत असेल तर हा हिशेब सर्वांत आधी करावा. एवढ्या चार पानांसाठी पाचशे रुपये मी आनंदाने दिले असते.

पुढच्या पानापासून मात्र अहवालाची घडी विस्कटते.

नागपुरातील नेटवर्क आर्किटेक्टचा सरासरी पगार म्हणून अहवालाने ३१ लाख हा आकडा दिला होता. मी तो विश्वासाने घेतला आणि कंपनीच्या मनुष्यबळ विभागाशी बोलताना पुढे ठेवला. समोरच्या बाईंनी अतिशय सभ्यपणे सांगितले, "मॅडम, या पदासाठी आमच्याकडची मर्यादाच पंचवीसपर्यंत आहे. हा आकडा तुम्हाला कुठून मिळाला?" मला उत्तर देता आले नाही, कारण अहवालात तो कुठून आला ते लिहिलेलेच नव्हते. त्यानंतर दोन आठवडे प्रस्ताव पुढे सरकला नाही आणि ते दोन आठवडे आम्ही सर्वांनी फार अस्वस्थतेत काढले.

म्हणून मी तो आकडा कसा बनतो ते तपासले. सेवेच्या संकेतस्थळावर मोफत नमुना पाहता येतो. नेटवर्क आर्किटेक्ट आणि लेखापाल ही दोन पदे मी नागपूर, अमरावती आणि चंद्रपूर या तिन्ही शहरांसाठी टाकून पाहिली. पगार तिन्हीकडे वेगवेगळे आले, पण एका पदाच्या पगाराला दुसऱ्याच्या पगाराने भागले तर उत्तर तिन्ही ठिकाणी दशांशापर्यंत एकच. याचा अर्थ असा की सेवेकडे त्या त्या शहरातील पगारांची नोंदच नाही. देशाचा एक आकडा घ्यायचा आणि त्याला शहराच्या एका गुणकाने गुणायचे, एवढेच ती करते. अमरावतीत माझ्या पदाची भरती निघालेली मी आजवर पाहिलेली नाही, तरी तिथलाही पगार अहवाल देतो. फोनवरच्या सल्लागाराला मी हे विचारले तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, आकडा सॉफ्टवेअरच काढतं, आम्हाला फक्त तो समजावून सांगायचा असतो." त्या मुलाबद्दल माझी तक्रार नाही. त्याने जे माहीत होते ते सांगितले.

माझ्या पदाची दुसरीही अडचण आहे आणि ती या क्षेत्रातल्या सर्वांना ठाऊक असेल. आपल्याकडे पदाचे नाव आणि काम यांचा मेळ नसतो. एका कंपनीत संपूर्ण आराखडा करणारा माणूस सीनियर नेटवर्क इंजिनिअर असतो, दुसरीकडे स्विचच्या पोर्टांची यादी सांभाळणाऱ्याच्या कार्डावर आर्किटेक्ट छापलेले असते, तिसरीकडे विक्रीसाठी सादरीकरणे करणाराही सोल्यूशन आर्किटेक्ट म्हणवतो. लोकांनी स्वतः भरलेल्या माहितीची सरासरी काढली की ही सगळी माणसे एका आकड्यात एकत्र येतात.

अमेरिकेत हे काम कसे होते ते पाहिले की आपल्याकडे काय कमी आहे ते कळते. तेथील श्रम सांख्यिकी विभाग संगणक नेटवर्क आर्किटेक्ट हे स्वतंत्र पद मानतो, त्याला १५-१२४१ असा संकेतांक आहे, आणि पगाराची माहिती कर्मचाऱ्यांच्या सांगण्यावरून नव्हे तर मालकांकडून घेतो. तीन वर्षांत मिळून सुमारे अकरा लाख आस्थापनांचा नमुना असतो आणि महानगरनिहाय आकडे प्रसिद्ध होतात. मे २०२४ च्या आकडेवारीनुसार या पदाचा मध्यक वार्षिक पगार १,३०,३९० डॉलर होता. मध्यक म्हणजे निम्म्यांचा पगार याहून जास्त, निम्म्यांचा कमी. सरासरीप्रमाणे तो थोड्या लोकांच्या मोठ्या पगारांनी वर खेचला जात नाही. शहराशहरांतील किमतींच्या तुलनेसाठी तिथला आर्थिक विश्लेषण विभाग देशाची पातळी १०० धरून निराळा निर्देशांक काढतो. पगार एका खात्याकडून, किमती दुसऱ्या खात्याकडून, आणि दोन्हींची पद्धत सर्वांसमोर उघडी, अशी ती व्यवस्था आहे.

आमच्या अहवालाने या सगळ्यातून फक्त १,३०,३९० एवढा आकडा उचलला, बाजारातील विनिमय दराने त्याचे एक कोटीहून अधिक रुपये केले आणि 'जागतिक पातळी' या मथळ्याखाली नागपूरच्या आकड्याशेजारी ठेवले. हे वाचून कोणाही इंजिनिअरला आपण चौथ्या-पाचव्या हिश्शावर राबतो आहोत असे वाटेल. पण तो पगार अमेरिकेतले घरभाडे, अमेरिकेतला आरोग्य विमा आणि अमेरिकेतली पाळणाघरे यांसाठी खर्च होतो. जागतिक बँक क्रयशक्तीच्या तुलनेसाठी जो दर वापरते तो बाजारातील विनिमय दराच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढा आहे. तो लावला तर एक कोटी दहा लाखांचे सत्तावीस लाखांच्या आसपास होतात. हा दरही सगळ्या देशाचा आणि सगळ्या वस्तूंचा असल्याने तो माझ्या घराला तंतोतंत लागू होईल असा माझा दावा नाही. पण डॉलरचा आकडा छापायचाच असेल तर त्याच्या शेजारी हे एक वाक्य तरी असायला हवे होते.

आता शहरांच्या तुलनेकडे वळते, कारण आमचा निर्णय त्या पानावर अवलंबून होता. अहवालात ठळक अक्षरांत होते की नागपूर पुण्यापेक्षा ३४ टक्के स्वस्त आहे, म्हणून नागपुरातील २४ लाख हे पुण्यातील ३६ लाखांच्या बरोबरीचे आहेत.

या एका वाक्यात दोन चुका आहेत. पहिली अशी की ३४ टक्के हे खर्चाचे प्रमाण अख्ख्या सीटीसीला लावले आहे. माझ्या सीटीसीतला आयकर नागपूरला आल्यामुळे स्वस्त होत नाही, पीएफ स्वस्त होत नाही, मुलीसाठी बाजूला टाकलेली रक्कमही स्वस्त होत नाही. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हा भेद फार नेमका पाळते. घरभाडे भत्त्यासाठी केलेल्या शहरांच्या वर्गवारीत पुणे एक्स वर्गात आणि नागपूर वाय वर्गात आहे, त्यामुळे सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत १ जानेवारी २०२४ पासून घरभाडे भत्ता पुण्यात मूळ वेतनाच्या ३० टक्के आणि नागपुरात २० टक्के मिळतो. परंतु मूळ वेतन आणि महागाई भत्ता दोन्हीकडे एकच असतो. म्हणजे शहरामुळे मुख्यतः घराची किंमत बदलते, बाकीचे फारसे बदलत नाही, हे तत्त्व सरकारी वेतनात आधीपासून आहे. माझ्या वहीनेही तेच दाखवले.

दुसरी चूक मला तळटीप वाचताना दिसली. ३४ टक्क्यांपर्यंत पोचण्यासाठी इतर आधारांबरोबर औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक वापरला होता. केंद्रीय कामगार मंत्रालयाचे लेबर ब्यूरो हा निर्देशांक देशातील ८८ केंद्रांसाठी काढते आणि नागपूर व पुणे ही दोन्ही त्यांत आहेत. परंतु २०१६ हे वर्ष प्रत्येक केंद्रासाठी १०० धरलेले आहे. एखाद्या केंद्राचा निर्देशांक १४० झाला तर त्याचा अर्थ त्या केंद्रातील किमती २०१६ पासून चाळीस टक्क्यांनी वाढल्या एवढाच होतो; तो आकडा दुसऱ्या केंद्राशेजारी ठेवून कोणते शहर स्वस्त हे ठरवता येत नाही. २०१६ मध्येच एक महाग आणि दुसरे स्वस्त असेल तर ते या निर्देशांकात कुठेच दिसत नाही. पैसे घेऊन अहवाल विकणाऱ्या सेवेने ही चूक करावी याचा मला राग आला आणि अजूनही येतो.

आता वही. तिघांच्या घराचा नागपुरातील महिन्याचा खर्च अहवालाने ६२,४०० सांगितला होता. वर्षभराची माझी सरासरी ९०,५०० आली. २८,१०० रुपयांचा हा फरक कुठे पडला ते मी एकेक बाब लावून पाहिले.

घरभाड्यात ५,५०० चा फरक आहे. अहवाल 'शहराच्या मध्यभागी' आणि 'शहराबाहेर' असे दोनच रकाने करतो आणि मध्यभाग महाग, बाहेरचा भाग स्वस्त असे धरून चालतो. नागपुरात असे होत नाही. बर्डी आणि झिरो माइल हा मध्यभाग दुकानांचा आणि कचेऱ्यांचा आहे; महाल-इतवारीत जुनी घरे आहेत; धरमपेठ, रामदासपेठ महाग आहेत ते वेगळ्या कारणांनी. मिहानमध्ये नोकरी करणारा माणूस वर्धा रोडच्या बाजूला, मनीषनगर, बेसा, बेलतरोडी या पट्ट्यात घर शोधतो, आणि अलीकडच्या लिफ्टच्या फ्लॅट स्कीम तिथेच असल्यामुळे हा 'बाहेरचा' भाग मध्यभागातल्या कित्येक जुन्या घरांपेक्षा महाग पडतो. मनीषनगरात दोन खोल्या-हॉल-किचनला आम्ही १७,००० भाडे आणि २,००० मेंटेनन्स देतो. अहवालाने १३,५०० म्हटले होते. त्या भाड्यात आम्हाला जी घरे दाखवली गेली, त्यांत एक चौथ्या मजल्यावर लिफ्टविना होते आणि वडिलांना डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर तिथे आणणे शक्य नव्हते.

प्रवासात ६,२०० चा फरक पडला आणि तो माझ्या कामाच्या स्वरूपाशी जोडलेला आहे. अहवालाने मेट्रोचा पास धरला होता. नागपूरची मेट्रो चांगली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या टप्प्याच्या दोन्ही मार्गिका पूर्ण सुरू झाल्यापासून आई-वडील तिनेच फिरतात आणि ऑरेंज लाइन खापरीपर्यंत जाते. परंतु नेटवर्कमधले मोठे बदल दिवसा करता येत नाहीत. आमच्या एका ग्राहकाच्या देशभर शाखा आहेत, आणि त्यांच्या मुख्य राउटरला हात लावायचा तर चेंज विंडो, म्हणजे बदलासाठी ठरवून दिलेली वेळ, रात्री एक ते चार एवढीच मिळते. महिन्यातून दोन-तीनदा त्या वेळी कार्यालयात असावे लागते. तेव्हा मेट्रो बंद असते, मिहानचे रस्ते सुनसान असतात आणि मी ठरलेल्या ओळखीच्या चालकाची गाडीच बोलावते. त्यात माझ्या रोजच्या गाडीचे आणि नवऱ्याच्या स्कूटरचे पेट्रोल मिळवले की महिन्याला ८,२०० होतात. पेट्रोल नागपुरात स्वस्त मिळत नाही.

उरलेल्या रात्री घरूनच काम होते, आणि म्हणून आमच्याकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांची फायबर जोडणी व इन्व्हर्टर आहे. अहवालाला ही चैन वाटेल. जुलैमधल्या एका रात्री दोन वाजून वीस मिनिटांनी, एका शाखेच्या राउटरवर बीजीपीची, म्हणजे माहितीने कोणत्या रस्त्याने जायचे ते ठरवणारी, नवी नोंद चढवत असताना, माझ्या टेबलाखालच्या ओएनटीवरचा, म्हणजे फायबर जोडणीच्या डब्यावरचा, सिग्नल तुटल्याचे दाखवणारा एलओएसचा दिवा लाल झाला. सिमेंट रस्त्याच्या खोदकामात कोपऱ्यावरची तार तुटली होती, हे सकाळी कळले. त्या क्षणी दुसरी लाइन नसती तर अर्धवट चढवलेल्या नोंदीसकट ती शाखा बंद पडली असती आणि सकाळी तिथले काउंटर उघडले नसते. दोन जोडण्या आणि घरातले फोन मिळून महिन्याला २,६०० रुपये जातात. अहवालाने धरलेली रक्कमही जवळपास एवढीच होती, ती फक्त चैनीच्या मोबाइल पॅकची म्हणून.

विजेचा आकडा १,९०० दिला होता, माझी सरासरी ३,२०० आहे. नागपूरच्या उन्हाळ्याविषयी नागपूरकरांना सांगायला नको. जानेवारीचे बिल १,४५० आणि मेचे ७,१०० होते. महावितरणचे दर शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांच्या पुढे टप्प्याटप्प्याने चढतात, त्यामुळे वर्षाचे तेवढेच युनिट बारा महिन्यांत समान वाटले गेले असते तर बिल कमी आले असते. ते एप्रिल, मे आणि जूनमध्ये एकवटतात म्हणून वरच्या दराने मोजले जातात. अहवालाने वर्षाच्या सरासरी वापरावर सरासरी दर लावला, आणि जिथे ऋतूंमध्ये एवढा फरक आहे तिथे तो चुकणारच. हॉलमध्ये आम्ही वाळ्याच्या ताट्यांचा कूलर ठेवला आहे आणि एसी फक्त आई-वडील येऊन राहतात त्या खोलीत चालतो, तरीही हे बिल आहे.

तीन बाबी अहवालात मुळातच नव्हत्या. आई-वडिलांची औषधे व विमा यांत माझा वाटा ६,५०० चा आहे. सासर साताऱ्याला, तिथल्या जाण्यायेण्याचे सरासरी ४,००० पडतात. आणि ५,००० माझ्या अभ्यासाचे. या तिसऱ्या खर्चाबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण तो आमच्या पेशात टळत नाही. प्रमाणपत्र परीक्षांची फी डॉलरमध्ये ठरते आणि नागपूरला राहतो म्हणून ती कमी होत नाही. सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीच्या सीसीआयई या वरच्या पातळीच्या प्रमाणपत्राच्या लेखी परीक्षेला ४०० डॉलर, म्हणजे साधारण ३५ हजार रुपये लागले. सरावासाठी भाड्याने घेतलेल्या लॅबचे २५ हजार वेगळे. पुढची प्रात्यक्षिक परीक्षा १,६०० डॉलरची आहे, तिच्यासाठी बंगळूरला जावे लागेल, आणि मिळालेले प्रमाणपत्र तीन वर्षांनी पुन्हा जिवंत ठेवावे लागते. ज्या सेवेने माझे पद विचारून पैसे घेतले, तिच्या खर्चाच्या यादीत महिन्याला किती कॅपुचिनो पिणार याचा रकाना आहे आणि माझ्या पेशाचा हा खर्च नाही.

भाडे, प्रवास, वीज आणि या तीन बाबी मिळून २८,५०० होतात. बाकीच्या सर्व खर्चांत मिळून अहवाल ४०० रुपयांनी जास्तच होता. किराणा-भाजीचा आकडा तर त्याने चांगला पकडला. तोही सरासरीतच, कारण आमच्याकडे वर्षाचे सामान एकदम भरतात. गेल्या एप्रिलच्या वहीचे पान ३८,००० च्या किराण्याने भरले आहे: गहू, तूरडाळ, भिवापुरी मिरची, वायगावची हळद. आईने ती मिरची गच्चीवर वाळवली, देठे खुडायला मुलीला शेजारी बसवले, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की आपण परत आलो ते बरे झाले. पण नवीन शहरात आलेल्या कुटुंबाला पहिल्याच महिन्यात डिपॉझिट, ब्रोकरचे पैसे, शाळेची फी आणि वर्षाचे धान्य एकत्र द्यावे लागते, हे अहवालाने कुठेतरी सांगायला हवे होते.

पुण्यात आमचा खर्च १,१८,००० होता. तो २७,५०० ने, म्हणजे २३ टक्क्यांनी उतरला. त्यातले १५,००० घराचे, ६,५०० शाळेचे आणि ३,००० घरकामाच्या बायांच्या पगाराचे आहेत. उरलेले तीन हजार इकडचे तिकडचे. म्हणजे नागपुरात जे स्वस्त आहे ते जागा आणि माणसांचे श्रम. पुण्यात स्वयंपाकाच्या मावशी ज्या कामाचे साडेचार हजार घेत, त्याच कामाचे इथे अडीच हजार चालतात. हा फरक माझ्या बचतीत जमा होतो तेव्हा तो दुसऱ्या कोणाच्या तरी घरातून वजा होतो, हे मला विसरता येत नाही. या महिन्यापासून आम्ही त्यांचे पाचशे वाढवले आहेत.

हातात येणारा पगार २४,००० ने कमी झाला, खर्च २७,५०० ने कमी झाला, म्हणजे महिन्याला ३,५०० जास्त उरतात. अहवालाप्रमाणे १,४०,७०० मधून ६२,४०० गेल्यावर ७८,३०० उरायला हवे होते. प्रत्यक्षात ५०,२०० उरतात. आणि यात नवऱ्याचे उत्पन्न धरलेले नाही. तो भौतिकशास्त्र शिकवतो, पुण्यातल्या शिकवण्या सोडून आला, आणि इथे त्याचे उत्पन्न महिन्याला १२,००० ने कमी आहे. अहवालाच्या अर्जात जोडीदाराच्या उत्पन्नाचा रकानाच नव्हता. नोकरी एकाला लागते, पण शहर सगळे घर बदलते. असा साधा प्रश्न ज्या अर्जात नाही तो अर्ज ज्यांनी केला, त्यांनी कधी घर हलवले नसावे असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट कोणत्याच पानावर नव्हती आणि ती मला वर्षभरात हळूहळू समजली. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची केंद्रे आहेत, परसोडीला आयटी पार्क आहे, नेटवर्क इंजिनिअरच्या जागा निघत असतात. आर्किटेक्टच्या मात्र मोजक्याच आहेत. पुण्यात ही नोकरी आवडली नाही तर दोन महिन्यांत दुसरी बघता येई. इथे दुसरी बघायची म्हणजे बहुधा घरून काम देणारी बाहेरगावची कंपनी शोधावी लागते. पुढची पगारवाढ मागताना माणसाच्या हातात दुसरा प्रस्ताव असतो की नसतो, यावर तिचा आकडा ठरतो. म्हणून नागपूरच्या २४ लाखांची पुण्याच्या २९ लाखांशी तुलना करताना पहिल्या वर्षाबरोबर पाचवे वर्षही धरावे लागते. तो हिशेब मी अजून मांडते आहे.

ही सेवा कोणी घ्यावी? ज्याच्या हाती पहिल्यांदाच मोठ्या सीटीसीचा प्रस्ताव आला आहे आणि त्यातले किती हातात येणार हे उमगत नाही, त्याला पगाराची फोड दाखवणारी चार पाने आणि फोनवर मिळणारी प्रश्नांची यादी, म्हणजे जॉइनिंग बोनस किती महिन्यांत सोडले तर परत करावा लागतो, नोटीस किती दिवसांची, कामगिरीची रक्कम मागच्या वर्षी किती टक्के दिली गेली, यांचा नक्की उपयोग होईल. शहर बदलण्याच्या निर्णयासाठी मात्र ती घेऊ नये. त्यापेक्षा आताच्या घरातला तीन महिन्यांचा खर्च लिहून काढावा, त्यातल्या प्रत्येक ओळीसमोर 'जागा', 'माणसाचे श्रम' की 'कुठेही तेच' असे लिहावे, आणि जायच्या गावातल्या एखाद्या नातेवाइकाला फक्त पहिल्या दोन प्रकारच्या ओळींचे भाव विचारावेत. माझ्या मामीने फोनवर दहा मिनिटांत मनीषनगरचे भाडे, शाळेच्या बसचे पैसे आणि मेचे वीजबिल सांगितले होते, आणि तिचे तिन्ही आकडे अहवालापेक्षा वहीच्या जवळ निघाले.

निर्देशांकाची चूक, जोडीदाराच्या उत्पन्नाचा रकाना आणि उन्हाळ्याचे वीजबिल या तीन मुद्द्यांवर मी सेवेला जानेवारीत सविस्तर पत्र पाठवले. आठवड्याभरात उत्तर आले, त्यात आभार होते आणि पुढच्या आवृत्तीत विचार करू असे आश्वासन होते. पैसे परत मागितले नव्हते, मागणारही नाही. काल अर्ज पुन्हा उघडून पाहिला. जोडीदाराच्या उत्पन्नाचा रकाना आता आला आहे. निर्देशांकाची तळटीप जशीच्या तशी आहे, आणि घर कुठे हवे या प्रश्नाखाली अजूनही दोनच पर्याय आहेत: शहराच्या मध्यभागी आणि शहराबाहेर.